दाजीसाहेबांचा अडकित्ता

सभापती दाजीसाहेबांची चूक कधी नसायचीच. त्यामुळं बायकोला, म्हणजे वहिनीसाहेबांना, पाचव्यांदा दिवस गेल्यावर ते तिला घेऊन तरातरा दवाखान्यात आले.

"नर्सबाई, तुमचे निरोध फुटके! उद्याच तुमची बदली!"

 नर्स मालनबाईंनी शांतपणे नवं पाकीट पुढं केलं. "जरा फोडून दाखवता?"

"त्यात काय!" दाजीसाहेबांनी चंचीतून अडकित्ता काढून पाकिटाची कड कचकन उडवली.

बाईंनी आतल्या निरोधात तांब्यातलं पाणी ओतलं. धार थेट दाजीसाहेबांच्या धोतरावर!

"साहेब, सुपारी कातरली की विडा रंगतो, हे कातरलं की पाळणा हलतो. पाकीट बोटांनी फाडा, अन् चढवताना टोक चिमटीत धरून हवा काढा."

बदलीचं नाव पुन्हा निघालं नाही. वहिनीसाहेबांनी मात्र हात पुढं केला. "अडकित्ता आणा इकडं."