नर्सबाईंच्या गाडीवरचा ओरखडा

हमरस्त्याला लागून असलेल्या एका गावात एक साहेबराव कणसे राहायचा. माणूस मनाचा चांगला, पण लोक काय म्हणतील याचा त्याला भारी धाक. गावाच्या वेशीजवळ त्यानं गाड्या धुवायचं यंत्र बसवलं होतं. गाडी शेडमध्ये उभी करायची, माणसानं बाहेर यायचं आणि साहेबरावानं बटण दाबायचं. मग एक मोठी लोखंडी कमान गाडीवरून पुढे-मागे सरकायची. पाणी उडायचं, फेस व्हायचा, निळे ब्रश गरागरा फिरायचे. म्हशीसारखी चिखलात लोळून आलेली गाडी पाच-दहा मिनिटांत लख्ख होऊन बाहेर पडायची.

पंचक्रोशीत असं यंत्र दुसरं नव्हतं. नुसतं बघायलाच माणसं जमायची. आता चांगल्या गोष्टीला नजर लागायचीच, असं साहेबरावाचं ठाम मत. म्हणून त्यानं कमानीला एक काळी बाहुली टांगली. दोऱ्यानं बांधली, तर दोरा पाण्यानं कुजला. पुन्हा बांधली, पुन्हा कुजला. शेवटी त्यानं जाड तार आणली, पिळून पिळून आवळली आणि म्हणाला, "आता पडते का बघू!" अहो, जिथं दिवसभर ब्रश फिरतात तिथं तार बांधू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण माणूस एकदा नजरेला भ्याला की त्याची अक्कल गहाण पडते. साहेबरावाची पडली.

त्याच गावात द्वारकाबाई लोखंडे होत्या. सरकारी दवाखान्यात उभा जन्म नर्स म्हणून काढला, म्हणून सगळे त्यांना नर्सबाई म्हणायचे. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलं होतं. साहेबरावही त्यातलाच. रिटायर झाल्यावर, ज्या वयात बायका गुडघ्याला तेल चोळत बसतात त्या वयात, नर्सबाई गाडी चालवायला शिकल्या आणि त्यांनी छोटीशी पांढरी गाडी घेतली. कुठल्या वाडीवर कुणी पोटुशी असली, कुणाचं तान्हं दूध पीत नसलं, की नर्सबाई निघाल्याच. त्यांचा मुलगा उदय पुण्याला असायचा. त्याच्या जिवाला घोर. रोज फोन करून म्हणायचा, "आई, आता पुरे." शेवटी मायलेकांत ठरलं, की आईच्या हातून गाडीला पहिला ओरखडा आला, की चावी उदयच्या हातात. नर्सबाईंनी शब्द दिला. आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती, कारण नर्सबाईच ती हसत हसत सांगत सुटायच्या.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची, गाड्यांची पूजा. बिनधुतलेल्या गाडीला हार कोण घालणार? सकाळपासून साहेबरावाच्या दारात जीप, टेम्पो, मोटारी, सगळ्यांची रांग लागली. नर्सबाईही रांगेत होत्या. त्यांचा नंबर आला, गाडी आत गेली, धुतली गेली, बाहेर आली. आणि पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत एक लांबलचक ओरखडा!

"साहेबराव, हे काय केलंस रे?" नर्सबाई ओरडल्या.

रांगेतली सगळी तोंडं साहेबरावाकडे वळली. तो घाईघाईनं म्हणाला, "यंत्रानं कसं होईल? ब्रश किती मऊ आहेत! हा आधीचाच असणार."

"आधीचा? सकाळी मी स्वतः फडक्यानं पुसलीय गाडी."

"हा बोर्ड बघा की." त्यानं भिंतीकडे बोट केलं. तिथं लिहिलं होतं, 'गाडी आपापल्या जबाबदारीवर धुवावी.'

"बोर्ड कसला दाखवतोस मला? तुला पहिली आंघोळ मी घातली, साहेबराव. अंगाला नख लागू दिलं नाही. आणि तू माझ्या गाडीला ही अशी घालतोस?"

रांगेत हशा पिकला. तो हशा साहेबरावाला झोंबला. आणि जे बोलू नये ते तो बोलून गेला.

"वय झालं, नर्सबाई. वाडीच्या रस्त्याला बाभळी आहेत. घासली असेल कुठंतरी. तुमच्या ध्यानात राहिलं नसेल."

हसणाऱ्यांतलाच एक जण म्हणाला, "होतं असं. माझी आईसुद्धा आताशा विसरते." दुसऱ्यानं मान डोलावली. नर्सबाईंनी ओरखड्यावरून बोट फिरवलं. आदल्याच दिवशी त्या बाभळीच्या रस्त्यानं वाडीवर जाऊन आल्या होत्या. त्यांना आठवून आठवून काही आठवेना, आणि आठवेना म्हणूनच त्या घाबरल्या. "असेल बाबा, असेल," एवढंच म्हणाल्या. गाडीत बसल्या आणि कधी नव्हे इतक्या हळू निघून गेल्या.

"बरं झालं बोललास," लोक साहेबरावाला म्हणाले. "यंत्राचं नाव खराब झालं असतं."

पुढची गाडी आत गेली. साहेबरावानं बटण दाबलं आणि आतून कर्रर्र आवाज आला. त्यानं यंत्र बंद केलं, आत जाऊन ब्रशमध्ये हात घातला. हाताला लागली तार. तारेला काळी बाहुली. आणि तारेच्या टोकाला पांढरा रंग.

"काय झालं रे?" बाहेरून कुणीतरी विचारलं.

"काही नाही. चिंधी अडकली होती." साहेबरावानं बाहुली खिशात घातली.

त्या दिवशी त्याला घास गिळवेना. खरं सांगावं, तर उद्यापासून यंत्राकडे कोण फिरकणार? नाही सांगावं, तर नर्सबाईंची गाडी जाणार. तोंडानं तो "जाऊ दे, ओरखडाच तर आहे" असं घोकत होता. पण आपण काय हिरावून घेतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. गाडी गेली की नर्सबाई घरात बसणार, आणि घरात बसल्या की सहा महिन्यांत म्हाताऱ्या होणार.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन साहेबराव घराबाहेर पडला. दरवर्षी पहिलं सोनं तो नर्सबाईंना द्यायचा. यंदा त्यांचं घर चुकवून पुढं जावं असं त्याच्या फार मनात होतं, पण पायांना सवय. ते थेट त्यांच्या दारात जाऊन थांबले.

उदय पुण्याहून आला होता. नर्सबाई हातात चावी घेऊन त्याच्यासमोर उभ्या होत्या. "घे बाबा. शब्द म्हणजे शब्द." चावी घेताना उदयचाही चेहरा पडला होता. जे हवं होतं ते मिळालं, आणि नकोसं वाटत होतं.

नर्सबाईंनी साहेबरावाला पाहिलं. तोंडावर रागाचा लवलेश नाही. त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवून म्हणाल्या, "सोनं घे, सोन्यासारखा राहा. आणि कालचं मनावर घेऊ नकोस हं. मीच तुझ्यावर उगाच ओरडले. चूक माझीच."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर साहेबराव पचवून गेला असता. ही माफी त्याला पचेना. खिशातून बाहुली काढून त्यानं त्यांच्या पायाशी ठेवली आणि ओक्साबोक्शी रडू लागला. "तुमची नाही, नर्सबाई. माझी चूक. ही तार मीच बांधली होती. ब्रशमध्ये अडकलेली सापडली, तरी मी गप्प बसलो."

नर्सबाईंनी चष्मा लावला. तार उचलून उजेडात धरली. तिच्या टोकाचा पांढरा रंग पाहिला. मग त्यांनी साहेबरावाच्या पाठीत असा काही धपाटा घातला की उदय दचकला.

"मेल्या! जन्मलास तेव्हा रडत नव्हतास, म्हणून एक घातला होता. हा दुसरा!" आणि त्याच हातानं त्याचे डोळे पुसले. करणार काय? लेकरू शेवटी त्यांच्या हातचं.

उदयनं मुकाट्यानं चावी पुढं केली. पण नर्सबाईंनी ती घेतली नाही.

"थांब. साहेबराव, तू खोटं कुठं बोललास?"

"रांगेसमोर."

"मग खरं माझ्या घरात का सांगतोस? इथं आपण तिघंच आहोत. गाव मला विसरभोळी म्हातारी समजून बसलंय. उद्या वाडीवरची पोरगी आपलं तान्हं माझ्या हातात देईल का?"

साहेबरावानं बाहुली परत घेतली आणि मान खाली घालून उठला. शिलंगणाच्या माळावर सगळा गाव सोनं लुटायला जमला होता. नर्सबाई आणि उदयही मागोमाग आले. साहेबराव एका धोंड्यावर चढला. त्यानं बाहुली वर धरली आणि झाला प्रकार पहिल्यापासून सांगितला, कमी नाही की जास्त नाही. "नर्सबाईंचा हात आजही पक्का आहे," तो शेवटी म्हणाला. "माझीच जीभ घसरली."

मग एकेक जण बोलू लागला. "म्हणजे माझ्या जीपवरचा चरापण तुझाच की!" "आता कोण देतंय गाडी याच्याकडं!" ज्याला साहेबराव भ्याला होता, नेमकं तेच झालं. पण त्याच गर्दीत सगळ्यांच्या देखत उदयनं आईच्या हातात चावी दिली, आणि वाडीवरच्या बाया नर्सबाईंभोवती सोनं द्यायला गोळा झाल्या. ते पाहून साहेबरावाला कालपासून पहिल्यांदाच धड श्वास घेता आला.

नर्सबाईंच्या गाडीला साहेबरावानं आपल्या खर्चानं रंग लावून दिला. कमानीवरची उरलीसुरली तार तोडून टाकली. ब्रश बदलले. पण गाड्या काही येईनात. दिवाळी तोंडावर आली तरी शेड कोरडंच. साहेबराव सकाळी येऊन फरशी पुसायचा आणि स्टुलावर बसून रस्त्याकडं बघायचा. समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक त्याच्याकडं बघायचे आणि मान फिरवायचे.

एके दिवशी सकाळी हॉर्न वाजला. नर्सबाईंची पांढरी गाडी रस्त्यावरून वळली आणि सरळ शेडसमोर येऊन उभी राहिली. वाडीच्या चिखलानं चाकांपासून टपापर्यंत बरबटलेली. टपरीवरचे लोक कप हातात धरूनच उभे राहिले.

साहेबराव धावत आला. "नर्सबाई, नवा रंग आहे. कशाला जोखीम घेताय? तालुक्याला दुसरं यंत्र आलंय म्हणे. तिकडं धुवा."

"तिकडं कशाला?" नर्सबाई गाडीतून उतरत टपरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तिथं काही चुकलं तर मला कोण सांगणार आहे? इथं चुकलं, तर तू सांगशील. चल, दाब बटण."

साहेबरावानं डोळे पुसले आणि बटण दाबलं. पाणी सुरू झालं. टपरीवरच्या एकानं चहा अर्धाच ठेवला आणि तो आपली जीप आणायला घरी गेला.

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारून अब्रू वाचत नाही, जिथं खोटं बोललो तिथंच उभं राहून जो खरं सांगतो, त्याच्यावरच लोक पुन्हा भरवसा ठेवतात.