करकरणाऱ्या चपलेचा अर्ज

विषय: दिल्लीच्या हस्तकला प्रदर्शनात गाळा मिळणेबाबत.
अर्जदार: रावजी सातपुते, चप्पल कारागीर, कोल्हापूर.

चालताना करकरणारी ही चप्पल रावजींनी स्वतः बेतलेली होती. गावात तिला गिऱ्हाईक उरलं नव्हतं आणि रावजींचे हात कापू लागले होते. दिल्लीला जायचं तर यंदाच. हस्तकला कार्यालयातल्या तिसऱ्या खेपेला तिथल्या पाटणकर साहेबांनी नमुना पायात घातला, चार पावलं टाकली आणि तोंड वाकडं केलं.

"सातपुते, हिचा आवाज येतो. सदोष माल दिल्लीला पाठवता येत नाही."

"दोष न्हाई साहेब, मुद्दाम ठेवलाय. माणूस येतोय हे लांबनंच कळतं."

"त्याचा उपयोग काय?"

रावजींनी आपल्या पायांकडे पाहिलं. "अशीच जोडी घालून तीनदा आलो. तिन्ही वेळा साहेब जागे सापडले."

शेजारच्या कारकुनाने तोंड फाईलमागे नेलं. साहेबांनी ‘खुलासा मान्य’ असा शेरा मारला आणि फाईल वरच्या मजल्यावर मोठ्या साहेबांकडे पाठवली.

वर गालिचा आहे. चपला दाराबाहेर काढाव्या लागतात. रावजी आतापर्यंत पाच वेळा अनवाणी आत जाऊन आले. अर्ज प्रलंबित आहे.