न हललेल्या पाकळ्या

एकदा एक सुपारीचा व्यापारी बायकोला घेऊन ग्रामदेवतेला कौल लावायला आला. नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून व्यापाऱ्याची मुलगी चंद्रा तान्ह्या बाळासह माहेरी परतली होती. बापाने तिला देवळाच्या पायरीवरच थांबवले होते. तिला घरात घ्यावे की परत पाठवावे, हे देवाने सांगायचे होते.

वृद्ध पुजाऱ्याने देवाच्या ओल्या पाषाणावर दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर घरात घ्यायचे, डावी पडली तर परत पाठवायचे. सगळे श्वास रोखून बघत राहिले. एकही पाकळी हलेना.

"देव गप्प आहे," व्यापारी म्हणाला. "म्हणजे त्याला हे पसंत नाही."

"काहीतरीच तुमचं! नको असतं तर डावी पडली असती," बायको कडाडली. "चंद्रे, ये गो आत!"

पुजाऱ्याचा शिष्य दूरच्या पाठशाळेतून नुकताच शिकून आला होता. तो म्हणाला, "नियम स्पष्ट आहे. कौल मिळाला नाही, तर उद्या पुन्हा लावायचा. तोवर काहीच ठरवायचं नाही."

पुजारी उठला. त्याने तळहाताने दोन्ही पाकळ्या पुसून टाकल्या.

शिष्य ओरडला, "गुरुजी! लावलेला कौल पुसलात?"

पुजाऱ्याने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तो व्यापाऱ्याला म्हणाला, "आता देवाला मध्ये घालू नकोस. तिच्याकडे बघ आणि स्वतःच्या तोंडाने सांग, मार खायला परत जा."

व्यापारी पायरीपर्यंत गेला. मुलीचा सुजलेला गाल त्याने आता जवळून पाहिला. त्याने तोंड उघडले, पण शब्द फुटेना. शेवटी तिच्या हातातले बाळ घेत तो पुटपुटला, "चल. ऊन लागतंय त्याला."

ती मंडळी गेल्यावर शिष्याने विचारले, "गुरुजी, हा देवाचा अपमान नव्हे?"

"अपमान आधीच झाला होता, बाळा. बापाला अब्रूची धास्ती, म्हणून त्याला नकार ऐकू आला. आईच्या पोटात माया, तिला होकार ऐकू आला. देव दोघांशीही बोलला नव्हता. माणूस जे मन घेऊन गाभाऱ्यात येतो, तेच त्याला देवाच्या आवाजात ऐकू येतं."

"पण मी फक्त नियम सांगितला. माझ्या मनात तर काहीच नव्हतं."

"हो, काहीच नव्हतं," पुजारी शांतपणे म्हणाला. "ती पोर बाळाला घेऊन रात्र कुठे काढणार, एवढंसुद्धा नव्हतं."

शिष्याने रिकाम्या पायरीकडे पाहिले. तो प्रश्न त्याला खरोखरच सुचला नव्हता.