गाठ सोडणाऱ्याचं गोत्र

द्वारकाबाई काशीला निघाल्या होत्या. सोबत सहा वर्षांची नात रेवा, आणि पिशवीत लाल फडक्यानं तोंड बांधलेला तांब्या. त्यात नवऱ्याच्या अस्थी. विमानतळावर त्यांची तयारी चोख होती. घड्याळ आधीच काढलेलं, पाण्याची बाटली रिकामी, रेवाच्या पायात बिनबकलाच्या चपला. दोघी तपासणीच्या कमानीतून गेल्या, कमान गप्पच राहिली.

"आजोबा असले की वाजायची," रेवा म्हणाली. आजोबांच्या गुडघ्यात स्टीलची पट्टी होती.

तांब्याही यंत्रातून सुखरूप बाहेर आला. पण तपासणीवरच्या सांगळेसाहेबांचं समाधान होईना.

"फडकं सोडा. आत बघायचंय."

"ही गाठ नदीवरच सोडतात, साहेब."

"इथे माझा नियम चालतो. तुम्ही सोडत नसाल तर मी सोडतो!"

द्वारकाबाईंनी तांब्या शांतपणे पुढे सरकवला.

"सोडा की. आमच्याकडे गाठ सोडेल त्यानंच विसर्जन करायचं. तोवर गेलेलं माणूस त्याच्याच घरी मुक्कामाला असतं. नाव तुमच्या छातीवर दिसतंय, गोत्र तेवढं सांगा, म्हणजे यांना कळेल कुणाकडे जायचं. आणि चहा बिनसाखरेचा लागतो त्यांना."

साहेबांची बोटं गाठीवरच थिजली. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी परत दिला.

"निघा बाई, लवकर निघा."

दोघी दहा पावलं गेल्या असतील, तोच मागे कमान वाजली. साहेब गर्रकन वळले. कमानीत कुणीच नव्हतं.

रेवानं आजीचा हात ओढला. "आजी, हळू चाल ना. आजोबांचा गुडघा दुखतो."