पहिलं तेल

यंत्रांना बोलता येत असे, त्या काळची ही गोष्ट. एका लाल स्पोर्ट्स कारमध्ये नवंकोरं इंजिन होतं. कधी एकदा वाऱ्यासारखं धावतो, असं त्याला झालं होतं. पण त्याच्या पोटातलं तेल सारखं सांगे, "बाळा, पहिले हजार किलोमीटर दमानं घे. तुझे भाग अजून एकमेकांत नीट बसलेले नाहीत. आत्ताच जोरात घासले, तर जन्माचे ओरखडे पडतील."

रस्त्यात रिक्षासुद्धा पुढे जाताना विचारायची, "काय पाहुणे, ढकलू का?"

इंजिन रडकुंडीला येऊन तेलाला म्हणे, "मावशी, तुझ्यामुळे सगळे हसतात मला! तू नसतीस तर बरं झालं असतं."

इंजिनाच्या अंगावरून सुटणारा धातूचा बारीक चुरा तेल आपल्यात ओढून घेई. मधासारखं सोनेरी तेल दिवसेंदिवस काळं पडत गेलं.

हजार किलोमीटर झाले. गॅरेजमध्ये मेकॅनिकनं गाडीखालचा बोल्ट सोडला आणि तेल खालच्या तसराळ्यात वाहू लागलं.

"मावशी, कुठे निघालीस? आता तर मी धावणार!"

"धाव रे राजा. हा चुरा घेऊन मला जायलाच हवं."

दुपारी मोकळ्या रस्त्यावर इंजिन पहिल्यांदा भरधाव सुटलं. आत भरलेलं नवं तेल कौतुकानं म्हणालं, "केवढं गुळगुळीत आहे रे तुझं अंग! जन्मापासून असंच का?"

इंजिनाला "नाही" एवढंच म्हणता आलं.