येते

यंत्रांच्या पणजीच्या काळची गोष्ट. एका प्रयोगशाळेत आवडी, यमू आणि ठमी या तीन संगणक-बहिणी राहत. गावोगावच्या विहिरींचं पाणी किती, हे तिघीही आपापल्याकडे सारखंच लिहून ठेवत.

एकदा आवडीची डिस्क खरखरू लागली. दुरुस्तीला निघताना ती म्हणाली, "येते गं."

"कसली येते! हिचं नाव आपल्या तिघींच्या यादीतून काढून टाकू," ठमी करवादली.

"येते म्हणालीय ना ती," यमू म्हणाली. ती रोज हाक मारायची, "आवडे, आलीस का गं?"

महिन्याने उत्तर आलं, "आले. पण मी कोण?" तिची डिस्क नवी होती, कोरी करकरीत.

ठमीच पुढे झाली.

"तू होय? 'येते' म्हणून गेलेली आमची बहीण. ऐक, पहिल्या विहिरीपासून आम्ही सांगतो."