दौलतरावांचं वाक्य

हेमांगी रेगेनं डॉक्टर भागीरथीबाईंच्या आयुष्यावर चित्रपट काढला. हात स्वच्छ धुऊन बाळंतिणीला तपासा, म्हणजे तिला ताप येणार नाही, असं या बाई जीव तोडून सांगत राहिल्या. रुग्णालयाच्या मंडळानं ते हसण्यावारी नेलं आणि बायका मरत राहिल्या. हेमांगीची पणजी त्यांतलीच एक.

स्टुडिओचे मालक दौलतराव यांनी आधी चित्रपटात एक प्रेमगीत घुसडलं, मग नायिकेचं वय कमी केलं. पत्रकारांसाठी ठेवलेला खेळ संपल्यावर ते सगळ्यांदेखत म्हणाले, "शोध नवऱ्यानं लावला असं दाखवा. बाईमाणसाला एवढी अक्कल असते, हे लोकांना पटत नाही."

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी ती शांतपणे म्हणाली, "वाक्य झकास आहे, साहेब. मंडळाचे अध्यक्ष भागीरथीबाईंना काय म्हणाले असतील, तेच मला सुचत नव्हतं. हे त्यांच्या तोंडी घालते. संवादलेखक म्हणून तुमचं नाव देऊ ना?"

पत्रकार खो खो हसले आणि लिहून घेऊ लागले. दौलतराव घाईघाईनं म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. चित्रपट आहे तसाच ठेवा."

चित्रपट तसाच लागला. हेमांगीला मात्र त्या स्टुडिओनं पुन्हा कधी फाटकाच्या आत घेतलं नाही.